ताटातील तूप आणि रक्तातील मेद

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट असो, की मराठवाड्यातील तशाच आकाराचे दुसरे एखादे बाजारपेठेचे गाव असो, तेथील जैन व्यापाऱ्याच्या घरात अलीकडे एक प्रसंग वारंवार घडतो. कर्ता पुरुष पन्नाशीच्या आसपासचा असतो. अंगाने किरकोळ, व्यसन कोणतेही नाही, आहार पूर्ण शाकाहारी, सूर्यास्तानंतर जेवण नाही. अंबाजोगाईस किंवा लातूरला कामानिमित्त गेला असता सहज म्हणून रक्त तपासून येतो आणि कागदावर ट्रायग्लिसराइडचा आकडा अडीचशेच्या पुढे आणि उपाशीपोटीची साखर शंभराच्या वर दिसते. त्या रात्री घरात एकच निर्णय होतो, तुपाचा डबा फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवायचा. दुसऱ्या दिवसापासून भाकरी कोरडी, वरणावर तुपाची धार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी होते, तेव्हा आकडा होता तेथेच असतो, क्वचित वाढलेलाही असतो. मग डॉक्टरांवर, प्रयोगशाळेवर, नाहीतर कर्मावर दोष जातो.

या सहा महिन्यांत गादीवर बसून दिवसाला सहा कप चहा झालेला असतो, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. पाच ग्रॅमचा चमचा धरला तरी ही साखर साठ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी वरून घातलेल्या साखरेची दिवसभराची कमाल मर्यादा सुमारे पन्नास ग्रॅम मानली आहे आणि पंचवीस ग्रॅमच्या आत राहणे अधिक हितावह म्हटले आहे. चहासोबत बिस्किटे, खारी, टोस्ट, आणि दुपारी ग्राहक कमी असताना पुड्यातला फरसाण. तूप बंद झाले, याची नोंद घरातील सर्वांनी ठेवली. बाकीची नोंद कोणी ठेवली नाही.

रक्तात संपृक्त मेद वाढला म्हणजे तो ताटातूनच आला, हे गृहीत इतके सरळ दिसते की त्यावर शंका घेण्याचे कारण कोणाला वाटत नाही. परंतु खात्यातील शिल्लक पाहून ती रक्कम रोख भरली, धनादेशाने आली की व्याजाने वाढली, हे कळत नाही; त्यासाठी उतारा पाहावा लागतो. रक्तातील मेदाम्लांचा असा उतारा काढण्याचे काम गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर झाले, आणि त्यातून जे हाती लागले ते व्यापारी कुटुंबांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची एक साखळी. साखळीतील प्रत्येक कार्बनला जितके हायड्रोजन धरता येतात तितके त्याने धरलेले असले, की ते मेदाम्ल संपृक्त. साखळी सरळ राहते, रेणू एकमेकांना लगटून बसतात, म्हणून असा मेद थंडीत थिजतो. तूप थिजते, खोबरेल थिजते, करडईचे तेल थिजत नाही, याचे कारण एवढेच. मात्र संपृक्त हे आडनाव झाले; त्या आडनावाच्या घरात स्वभावाने अगदी निराळी माणसे राहतात. कोणाची साखळी चौदा कार्बनांची, कोणाची सोळा, कोणाची अठरा. ही सम संख्येची मंडळी. काहींची पंधरा किंवा सतरा, ही विषम संख्येची. आणि काहींची वीस, बावीस, चोवीस, म्हणजे अतिदीर्घ साखळीची. चौदाचे नाव मिरिस्टिक, सोळाचे पामिटिक, अठराचे स्टिअरिक. सतराच्या मेदाम्लास मार्गारिक म्हणतात. मोती या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी दिले. त्याने ज्या चकाकत्या पदार्थाला ते नाव दिले तो वस्तुतः दोन सम मेदाम्लांचे मिश्रण निघाला. नाव मात्र टिकले आणि पुढे मार्गारिन या कृत्रिम लोण्यालाही मिळाले. हा शेव्हरल १७८६ मध्ये जन्मला आणि १८८९ मध्ये वारला, म्हणजे १०२ वर्षे जगला. मेदाच्या अभ्यासकाला इतके दीर्घायुष्य लाभावे, ही गंमत नोंदवून पुढे जाऊ.

२०१४ साली ब्रिटनमधील केंब्रिज येथील डॉ. नीता फरूही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील आठ देशांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना काय खाल्ले हे विचारण्यावर भिस्त ठेवली नाही. पुढे मधुमेह झालेल्या १२,४०३ व्यक्तींचे आणि तुलनेसाठी निवडलेल्या सोळा हजारांहून अधिक व्यक्तींचे, आजार होण्यापूर्वीच साठवून ठेवलेले रक्त तपासून त्यातील एकेका संपृक्त मेदाम्लाचे प्रमाण मोजले. एकत्र मोजले असते तर काहीच स्पष्ट दिसले नसते. सुटे मोजल्यावर चित्र दुभंगले. ज्यांच्या रक्तात सम संख्येची, म्हणजे चौदा, सोळा व अठरा कार्बनांची मेदाम्ले अधिक होती त्यांच्यात पुढे मधुमेह अधिक आढळला. प्रमाणात एका ठरावीक टप्प्याच्या वाढीमागे धोका सुमारे ४३ टक्क्यांनी जास्त. ज्यांच्या रक्तात पंधरा व सतरा कार्बनांची मेदाम्ले अधिक होती त्यांच्यात तो तितक्याच टप्प्यामागे सुमारे ३० टक्क्यांनी कमी. अतिदीर्घ साखळीची मेदाम्लेही कमी धोक्याच्या बाजूलाच दिसली. एकाच आडनावाच्या घरात एकाकडे उधारी आणि दुसऱ्याकडे ठेव, असा हा प्रकार.

येथे सावधपणे वाचले पाहिजे. धोका अधिक असणाऱ्यांच्या रक्तात पामिटिक अधिक आढळले, याचा अर्थ पामिटिकनेच मधुमेह घडवला असा होत नाही. धूर दिसतो तेथे आग असते, पण धुराने आग लागत नाही. तो धूर येतो कोठून, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर यकृतात आहे.

यकृत हा शरीरातील कारखाना आहे. जेवणातून आलेली साखर व पिष्ट गरजेपेक्षा अधिक झाले, स्नायूंना ते लागत नसले आणि साठवणीची जागाही भरली, की यकृत त्या साखरेचे मेदात रूपांतर करते. या रूपांतराचा पहिला तयार माल म्हणजे सोळा कार्बनांचे पामिटिक आम्ल. त्यातीलच काही पुढे अठरा कार्बनांचे स्टिअरिक होते. हा माल ट्रायग्लिसराइडच्या रूपात बांधून रक्तात पाठवला जातो, आणि पाठवणे झेपले नाही तर यकृतातच साचतो. तेव्हा रक्तातील पामिटिक हे ताटातील तुपाइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक, ताटातील साखर, मैदा आणि पांढऱ्या भाताचे असू शकते. अमेरिकेतील मिनेसोटा येथे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बारकाईच्या अभ्यासात यकृतात चरबी साचलेल्या रुग्णांच्या त्या चरबीचा उगम शोधला गेला. सुमारे ५९ टक्के भाग शरीरातील साठ्यातून रक्तात सुटलेल्या मेदाचा होता, २६ टक्के यकृताने साखर व पिष्टापासून नव्याने तयार केलेल्या मेदाचा, आणि प्रत्यक्ष खाण्यातील मेदाचा वाटा केवळ १५ टक्के. रुग्ण मोजके, अवघे नऊ होते. तरी यकृतातील चरबीचा असा हिशेब मांडून दाखवल्यामुळे तो अभ्यास आजही उद्धृत होतो.

याच दिशेचा एक प्रयोग ओहायो राज्य विद्यापीठाचे जेफ व्होलेक यांनी केला आणि तो २०१४ मध्येच प्रसिद्ध झाला. चयापचय बिघडलेल्या सोळा प्रौढांना अठरा आठवडे तयार जेवण दिले. दर तीन आठवड्यांनी पिष्ट व साखर वाढवत नेली, दिवसाला ४७ ग्रॅमपासून ३४६ ग्रॅमपर्यंत; त्याच वेळी संपृक्त मेद ८४ ग्रॅमवरून ३२ ग्रॅमवर आणला. खाण्यातील संपृक्त मेद निम्म्याहून अधिक बदलूनही रक्तातील एकूण संपृक्त मेद फारसा हलला नाही. हलले ते पामिटोलेइक नावाचे मेदाम्ल, जे यकृताच्या कारखान्याची चिमणी पेटल्याचे लक्षण मानले जाते. पिष्ट वाढले तसे ते वाढत गेले. या प्रयोगाचा खर्च दुग्धव्यवसाय, अंडी व मांस यांच्या उद्योगसंस्थांनी आणि एका विशिष्ट आहारपद्धतीच्या प्रतिष्ठानाने उचलला होता, ही गोष्ट शोधनिबंधातच नमूद आहे. हमीपत्रावर सही कोणाची आहे हे पाहण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी ते येथेही पाहावे. निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही; एकट्यावर पूर्ण विसंबू नये, इतकेच.

कारण त्याच वर्षी स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाने उलट बाजूचा पुरावा पुढे ठेवला. सडपातळ व निरोगी अशा ३९ तरुणांना सात आठवडे रोजच्या जेवणाव्यतिरिक्त गोड केकसारखे मफिन खाऊ घातले. साखर, मैदा, उष्मांक सर्व समान. फरक एकच, निम्म्यांच्या मफिनमध्ये पामतेल आणि निम्म्यांच्या मफिनमध्ये सूर्यफूल तेल. दोन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे दीड किलोने वाढले. पण पामतेल खाणाऱ्यांच्या यकृतात आणि पोटाच्या पोकळीत अधिक चरबी साचली, तर सूर्यफूल गटात वाढलेल्या वजनाचा मोठा भाग स्नायूंचा होता. म्हणजे पोट भरून वर जास्तीचे खाल्ले जात असताना ते जास्तीचे कोणत्या तेलात तळले वा भाजले आहे, याला महत्त्व आहे. दोन्ही प्रयोग एकत्र ठेवले की बिस्किटाचा पुडा डोळ्यांपुढे येतो. त्यात मैदा आणि साखर यकृताला कच्चा माल पुरवतात आणि पामतेल तयार पामिटिक आणून देते. एकाच पुड्यात दोन्ही वाटा उघड्या.

आता विषम संख्येकडे. पंधरा व सतरा कार्बनांची मेदाम्ले मानवी शरीरात फार थोडी तयार होतात. गाय, म्हैस, शेळी यांच्या पोटातील पहिल्या कप्प्यात जे सूक्ष्मजीव चारा कुजवतात, ते ही मेदाम्ले बनवतात आणि ती दुधात उतरतात. म्हणून रक्तातील पंधरा कार्बनांचे मेदाम्ल हे दूध, दही व ताक यांच्या सेवनाची खूण मानले जाते. सतराचा काही भाग मात्र आपल्या आतड्यातील जीवाणू तंतुमय पदार्थांपासून जे लघु आम्ल तयार करतात त्यातूनही घडत असावा, असे अलीकडे मानले जाते. म्हणजे तो ज्वारी, डाळी, भाज्यांच्या सालीचाही साक्षीदार असू शकतो. २०१८ साली फुमिआकी इमामुरा व सहकाऱ्यांनी बारा देशांतील सोळा दीर्घकालीन पाहण्यांची, ६३,६८२ व्यक्तींची माहिती एकत्र केली. त्यांतील १५,१८० जणांना पुढे मधुमेह झाला. ज्यांच्या रक्तात दुधाच्या या खुणा अधिक होत्या त्यांच्यात तो कमी आढळला.

ही माहिती कानावर पडताच तुपाचा डबा वरच्या कप्प्यातून खाली उतरवण्याचा मोह होईल, आणि तो पूर्णपणे आवरण्यासारखाच आहे. शंभर ग्रॅम तुपाचा हिशेब मांडून पाहावा. त्यात पंधरा व सतरा कार्बनांची मेदाम्ले मिळून दीड-दोन ग्रॅम असतात. पामिटिक एकटे पंचवीस ते तीस ग्रॅम असते. एका रुपयाच्या लाभासाठी पंधरा रुपयांची जोखीम, असा हा व्यवहार आहे. पाहण्यांत जी खूण दिसली ती बहुशः दूध व दही घेणाऱ्यांची, युरोप-अमेरिकेतील. शिऱ्यात आणि बुंदीत जिरणाऱ्या तुपाची नव्हे. शिवाय संपृक्त मेदाने रक्तातील एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे कोलेस्टेरॉल वाढते, हे वेगळे खाते आहे आणि ते आजही उघडेच आहे. ज्यांच्या हृदयात स्टेंट बसवला आहे किंवा ज्यांचे एलडीएल चढे आहे, त्यांना चयापचयाच्या खात्यातील कोणतीही सूट या खात्यात वळती करता येत नाही. भाकरीवर एक चमचा तूप आणि ताकाची वाटी, एवढ्याने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. आणि सारे लक्ष त्या चमच्यावर ठेवून चहातील साखरेकडे दुर्लक्ष केल्याने काही सुधारतही नाही.

अतिदीर्घ साखळीच्या मेदाम्लांची गोष्ट मराठवाड्याच्या स्वयंपाकघराशी अधिक निगडित आहे. वीस कार्बनांच्या मेदाम्लाचे नाव ॲराकिडिक. भुईमुगाचे शास्त्रीय नाव ॲराकिस, त्यावरून ते पडले. त्याच्यापुढचे बावीसचे बेहेनिक आणि चोवीसचे लिग्नोसेरिक. स्वयंपाकात रोज वापरल्या जाणाऱ्या तेलांपैकी या तिघांचे सर्वांत ठळक प्रमाण शेंगदाण्याच्या तेलात असते, पाच-सहा टक्क्यांच्या आसपास. मूठभर शेंगदाणे खाल्ले तर सुमारे अर्धा ग्रॅम पोटात जाते. ही मेदाम्ले शरीर स्वतःही तयार करते, पण शेंगदाणे खाणाऱ्यांच्या रक्तात ती काहीशी अधिक आढळतात. २०१९ मध्ये बारा दीर्घकालीन पाहण्यांतील पन्नास हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून पाहिली असता, ती अधिक असलेल्यांत मधुमेह कमी आढळला. पेशींच्या आवरणात सिरामाइड नावाचे जे मेद असतात, त्यांच्याशी याचा संबंध असावा: पामिटिक जोडलेले सिरामाइड इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते असे प्रयोगशाळेत दिसते, तर बावीस वा चोवीस कार्बनांचे मेदाम्ल जोडलेल्या सिरामाइडची वागणूक वेगळी आहे.

नांदूरघाट परिसरातील कोणत्याही घरात शेंगदाण्याचा कूट संपलेला चालत नाही. भाजीत कूट, ठेच्यात कूट, उपवासाच्या पदार्थांत कूट. शेंग जमिनीखाली धरते म्हणून ती खावी की नाही, असा प्रश्न काही घरांत अजूनही निघतो. ती मूळ नव्हे, फूल फळल्यावर देठ जमिनीत शिरून तेथे वाढलेली शेंग आहे, आणि बहुसंख्य जैन कुटुंबांत ती चालते. करडईची हकीकत मात्र उदास करणारी आहे. मराठवाडा हा करडईचा मुलूख. तिच्या तेलात पामिटिक सहा-सात टक्केच आणि बाकीचा मोठा भाग असंपृक्त. परभणीच्या कृषी विद्यापीठाने परभणी कुसुम यांसारखे वाण दिले. तरीही सोयाबीन आले आणि करडईचे क्षेत्र आटत गेले. काटेरी पीक, कापणीला मजूर मिळत नाही, ही कारणे प्रत्येक शेतकरी सांगतो. मळ्याच्या कडेला पिवळ्या-केशरी करडईची पट्टी दिसणे आता विरळ झाले आहे. गावच्या घाण्यावरचे तेल सोडून कुटुंबे पिशवीतील तेलाकडे वळली, आणि त्या पिशव्या विकणाराही आपलाच समाजबांधव आहे.

हा मुद्दा येथे थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा इंडोनेशिया व मलेशियातील पामतेलाचा असतो. पामतेलात पामिटिक सुमारे ४४ टक्के, त्यातून गाळलेल्या पामोलीनमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास. सरकीच्या तेलात ते बावीस-चोवीस टक्के, शेंगदाण्याच्या व सोयाबीनच्या तेलात दहा-अकरा. पामतेल स्वस्त आहे, तळणीत टिकते, खवट लवकर होत नाही. फरसाण करणाऱ्यास याहून सोयीचे तेल नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला, त्यात रवा, चणाडाळ व साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल होते. गरिबाच्या घरी सण साजरा व्हावा हा त्यामागचा हेतू. शिध्याची यादी मात्र यकृताच्या दृष्टीने वाचली तर विचार करायला लावते. वनस्पती तुपाचा जुना शत्रू, म्हणजे कारखान्यात तयार होणारा ट्रान्समेद, १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने दोन टक्क्यांवर रोखला गेला, ही खरोखर मोठी सुधारणा. पण त्याची जागा बहुतांशी पामतेलाच्याच घट्ट भागाने घेतली.

दिवाळीच्या आगेमागे याच भागातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. निघण्यापूर्वी किराणा भरतात, आणि दुकानदार जे पुढे करील ते बहुधा घेतात. कोयत्याचे कष्ट करणाऱ्याच्या शरीरात जास्तीची साखर साचायला जागा उरत नाही, म्हणून ते तेल त्याला लवकर बाधत नाही. गादीवर बसणाऱ्याला तेच तेल लवकर बाधते. सर्वांत अधिक जोखीम विकणाऱ्याच्याच घरात आहे.

अंगाने किरकोळ असणे हे संरक्षण का ठरत नाही, याचे उत्तर महाराष्ट्रातच सापडले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. वजन, स्नायू, पोटातील अवयव या सर्वांत आपली बाळे मागे होती, पण त्वचेखालील चरबीत त्या मानाने मागे नव्हती. कृश दिसणारे आणि आतून मेदल, अशी ही जन्मापासूनची ठेवण. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र एका वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंची-वजनाच्या गुणोत्तराचा दोघांचा आकडा सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. एका छायाचित्राने पुष्कळ निबंधांचे काम केले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटी ६० लाख सांगितली, ती याच ठेवणीच्या लोकांची आहे. त्यातच आपल्या देशातील जेवणात उष्मांकांचा साठ टक्क्यांहून अधिक भाग पिष्ट व साखरेचा. यकृताच्या कारखान्याला कच्च्या मालाची कमतरता कधीच नाही.

मेदाम्लांचे सुटे मोजमाप तालुक्याच्या प्रयोगशाळेत होत नाही आणि ते करून घेण्याची आवश्यकताही नाही. त्याची सावली नेहमीच्या तपासणीत पडते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर किंवा अधिक आणि स्त्रीची ८० किंवा अधिक. ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक. एचडीएल पुरुषात ४० पेक्षा व स्त्रीत ५० पेक्षा कमी. रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक. उपाशीपोटीची साखर १०० किंवा अधिक. या पाचांपैकी तीन जुळली की चयापचय बिघडल्याचे निदान होते. कंबर मोजण्यास कापडाच्या दुकानातील टेपही पुरतो. घरातील श्राविकांची कंबर मात्र कोणी मोजत नाही, आणि दुपारच्या वेळी उरलेला गोड पदार्थ वाया जाऊ नये म्हणून संपवण्याची जबाबदारी बहुधा त्यांच्यावरच असते.

दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले, या सहा गोष्टींना विगय म्हणून वेगळे काढणाऱ्या पूर्वाचार्यांपुढे अर्थातच यकृत नव्हते, संयम होता. आयंबिलात सहाही वर्ज्य, आणि पुष्कळ घरांत नित्य एखाद्या विगयाचा त्याग करण्याचा नियमही घेतला जातो. लक्षात घेण्यासारखे असे की या यादीत तूप एकटे नाही. तेल, साखर आणि तळण त्याच्या पंक्तीला बसवले आहे. त्यागासाठी तूप निवडणारे पुष्कळ, साखर निवडणारे थोडे, कारण चहा सुटत नाही. पर्युषणातील तपश्चर्येनंतरच्या पारण्याला किंवा नवपदाच्या ओळीच्या सांगतेला मूग-ओसामणाऐवजी ज्या मिठायांचे ताट येते, त्यात नऊ दिवसांची यकृताची विश्रांती एका दिवसात भरून निघते. काही संघांनी पारण्याचे ताट साधे ठेवण्यास सुरुवात केली आहे, हे ऐकून बरे वाटते.

आणि दुकानात काय करता येईल? धंदा बंद करा असे कोणी म्हणत नाही. पामोलीन मागणाऱ्यास पामोलीन द्यावेच लागते. शेजारी शेंगदाण्याचे आणि मिळाल्यास करडईचे तेलही ठेवता येते, आणि विचारणाऱ्यास दोहोंतील फरक सांगता येतो. घरच्या वापराचे तेल मात्र कोणत्या डब्यातून काढायचे हे ठरवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. गल्ल्याशेजारी बरणीत ठेवलेला बिस्किटांचा पुडा एकदा उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचावीत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देणे कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक पुड्यांवर पहिले नाव मैद्याचे असते, आणि साखर व पामतेल त्याच्या मागोमाग, कधी हे पुढे तर कधी ते.